फायरफॉक्स: बंद पडला तरी कारण सांगून जातो

सेलूत माझं सेवा केंद्र आहे. सातबारा, आठ-अ, उत्पन्नाचा दाखला, पॅन कार्ड, झेरॉक्स, लॅमिनेशन आणि खरिपात पीक विमा. दोन कॉम्प्युटर, एक प्रिंटर, एक थंब मशीन, सहा प्लास्टिकच्या खुर्च्या. त्यातल्या एकीचा पाय तारेनं बांधलेला, तिच्यावर ओळखीच्या माणसालाच बसवते. माझ्या टेबलावरच्या मशीनवर इंटरनेटसाठी फायरफॉक्स हा ब्राउझर आहे आणि तो मी आठ-नऊ वर्षांपासून वापरतेय. त्याला पाचपैकी चार तारे. पाचवा का कापला ते पुढं येईलच. पण २०२५ च्या जुलैत कुणी विचारलं असतं तर मी एकही दिला नसता, उलट त्याच्या नावानं बोटं मोडली असती. ती बोटं भलत्याच्याच नावानं मोडली गेली असती हे मला नंतर कळलं, म्हणून हे सगळं लिहायला बसले.

त्या वर्षी एक रुपयात पीक विमा बंद झाला होता. परत पहिल्यासारखं, खरिपाच्या धान्य-तेलबियांना विमा रकमेच्या दोन टक्क्यांपर्यंत शेतकऱ्यानं भरायचे. शिवाय फार्मर आयडी लागायला लागला. एक रुपया होता तेव्हा माणसं कागद टेबलावर टाकून चहाला जायची, "तुम्ही भरा ताई, येतो मी." आता खिशातनं नोटा मोजून दिल्यावर कोण जातंय चहाला? प्रत्येक जण खुर्ची पुढं ओढून स्क्रीनमध्ये डोकं घालतो. गट नंबर बरोबर टाकला का, सोयाबीन किती लिहिलं, तूर धरली का. त्यांचं बरोबरच आहे. अर्जामागं आम्हाला मिळायचे ते ४० रुपये विमा कंपनीकडून, शेतकऱ्याकडून हप्त्याशिवाय वेगळं काही घ्यायचं नाही. म्हणजे आमचा सगळा धंदा दिवसाला किती अर्ज निघतात त्यावर. एका अर्जाला पाऊण तास लागायला लागला तर केंद्र बंद करून शेवया वळलेल्या बऱ्या.

तर जुलैचा तिसरा आठवडा. वालूरचे एक आबा बसलेले. तीन गट, दोघा भावांची सामायिक जमीन, नावावरच्या हेक्टर-आरचा हिशेब त्यांच्या तोंडपाठ. दोन गट भरले, तिसऱ्याचा सातबारा अपलोड करायला फाइल निवडली आणि टपकन सगळं गायब. समोर नुसता डेस्कटॉप, त्यावर आमच्या घरच्या गणपतीचा फोटो. आबांनी एकदा गणपतीकडं बघितलं, एकदा माझ्याकडं. "ताई, पैसे गेले का?"

पैसे गेले नव्हते, पैशापर्यंत आम्ही पोचलोच नव्हतो. पण हा प्रश्न मी पुढच्या आठ दिवसांत इतक्यांदा ऐकला की रात्री झोपेत सुद्धा म्हणायचे, "नाही गेले, नाही गेले."

इथं एक फरक सांगते, कारण तो मलाही धड माहीत नव्हता. फायरफॉक्समध्ये कधी कधी एकच टॅब मरतो. बाकीचे टॅब जागेवर असतात आणि त्या एका टॅबात "तुमचा टॅब क्रॅश झाला" अशा अर्थाचं पान येतं, पुन्हा उघडायचं बटण देतं. हे किरकोळ दुखणं. दुसऱ्या प्रकारात आख्खा ब्राउझर जातो, सगळ्या खिडक्यांसकट, आणि एक छोटी चौकट येते: माफ करा, अडचण आली, आम्हाला अहवाल पाठवायचा का? माझं दुखणं दुसरं. पुन्हा उघडलं की मागचे टॅब सगळे परत येतात, त्यात फायरफॉक्स पक्का आहे. पण विम्याच्या पोर्टलवरचं लॉगिन गेलेलं असतं. परत पासवर्ड, परत ओटीपी, परत पहिला गट. या ब्राउझरचं पहिलं नाव फिनिक्स होतं म्हणे, राखेतून उठणारा पक्षी. मग फायरबर्ड झालं, आणि २००४ मध्ये फायरफॉक्स. राखेतून उठतो हे खरं, पण मधल्या वेळेत आबांचं काय करायचं?

आमच्याकडं कामाला एक पोरगा आहे, बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला. त्यानं सगळ्यात आधी जे केलं ते सगळेच करतात: हिस्टरी, कुकीज, कॅश (उघडलेल्या पानांचा साठवून ठेवलेला भाग), जे दिसेल ते साफ. "ताई, कचरा झालाय." कचरा गेला, पण त्यासोबत सगळ्या साइटवरचं माझं लॉगिन पण गेलं, सकाळची दहाची वेळ, बाहेर बारा माणसं. आणि साडेदहाला ब्राउझर परत उडाला. कॅश साफ केल्यानं एखादं पान जुनं दिसायलंय, नीट उघडंना, असली तक्रार जाते. आख्खा ब्राउझर पडत असेल तर त्याचा सहसा उपयोग नसतो. हे त्याला मी नंतर सांगितलं. त्या वेळी मी पण म्हणलं होतं, "कर साफ."

मग नेटवर संशय. मोबाइलचं हॉटस्पॉट जोडून बघितलं. नेट नसल्यावर पान उघडत नाही, खिडकी गायब होत नाही, एवढं तरी डोकं चालायला पाहिजे होतं. चाललं नाही. मग अँटिव्हायरस काढला. अपडेट बघितलं, नवंच होतं.

त्या रात्री दुकान बंद करून शटर अर्धं खाली ओढून मी एकटी बसले आणि जरा शिस्तीत घेतलं. शिफ्टचं बटण दाबून धरायचं आणि फायरफॉक्स उघडायचा. मग तो विचारतो, ट्रबलशूट मोडमध्ये उघडू का. जुनी माणसं याला सेफ मोड म्हणतात, आधी तेच नाव होतं. या मोडमध्ये सगळी अ‍ॅड-ऑन (ब्राउझरला वरून जोडलेली छोटी सॉफ्टवेअरं) बंद असतात, थीम साधी असते आणि हार्डवेअर अ‍ॅक्सिलरेशन, म्हणजे ग्राफिक्सच्या चिपकडून काम करून घेणं, ते पण बंद असतं. इथं ब्राउझर नीट चालला तर दोष त्यातल्याच कशात तरी आहे. इथंही पडला तर ती सगळी मंडळी सुटली. माझा अर्ध्या तासानं इथंही पडला.

खरं तर इतक्यावर मी अ‍ॅड-ऑन आणि ग्राफिक्सचा नाद सोडायला पाहिजे होता. पण दुसऱ्या दिवशी सेटिंग्जमध्ये जाऊन परफॉर्मन्सखाली हार्डवेअर अ‍ॅक्सिलरेशनची खूण मुद्दाम काढलीच. कुणीतरी व्हिडिओत सांगितलं होतं. जी गोष्ट रात्री बंद असताना ब्राउझर पडला, तीच गोष्ट सकाळी परत बंद करून मी वाट बघत बसले. सोयाबीनवर फवारून झालेलं औषध परत फवारल्यासारखं.

मग रिफ्रेश. हे मात्र फायरफॉक्सचं मला आवडलेलं हत्यार. पत्त्याच्या पट्टीत अबाउट, कोलन, सपोर्ट असं सलग टाकलं की एक लांबलचक पान उघडतं. त्याच पानावर रिफ्रेश फायरफॉक्स असं बटण. दाबलं की आत नवं घर बांधून मिळतं. बुकमार्क, पासवर्ड, हिस्टरी, कुकीज हे सामान नव्या घरात आणून ठेवतो आणि अ‍ॅड-ऑन, उलट्यासुलट्या केलेल्या सेटिंग्ज मागं टाकतो. जुन्या घराचं सामान पण फेकून देत नाही, डेस्कटॉपवर एका फोल्डरात बांधून ठेवतो, काही राहिलं असेल तर काढून घ्या म्हणून. आमच्यातल्या किती जणांनी ब्राउझर काढून परत टाकलाय आणि डोक्याला हात लावून बसलेत की काहीच बदललं नाही! नुसतं काढून टाकल्यानं आतली प्रोफाइल, म्हणजे आपल्या सेटिंग्ज-पासवर्डचं गाठोडं, तसंच राहतं, नवा ब्राउझर तीच जुनी प्रोफाइल उचलतो. रिफ्रेश केलं तर खरी साफसफाई होते.

माझी साफसफाई झाली आणि ब्राउझर दुपारी तीनला पडला. त्या दिवशी आठ वेळा. आठव्या वेळी खुर्चीवर एक मावशी होत्या, त्यांनी पर्स उघडून मला खडीसाखर दिली.

त्याच दिवशी दोन गोष्टी घडल्या ज्या मी आधीच बघायला पाहिजे होत्या. एक, वैतागून दुसरा ब्राउझर उघडला तर त्याचेही टॅब एकामागं एक पडायला लागले. दोन वेगवेगळ्या कंपन्यांचे ब्राउझर एकाच मशीनवर मरायलेत म्हणल्यावर रोग ब्राउझरात कसा असेल? एकाच विहिरीचं पाणी पिऊन दोन घरांत जुलाब लागले तर आपण स्वयंपाकणीला बोलतो का? दुसरी गोष्ट म्हणजे विंडोजची एक पिवळ्या त्रिकोणाची सूचना. कॉम्प्युटरची मेमरी कमी पडतेय, प्रोग्रॅम बंद करा. ती आठवड्याभरात पाच-सहा वेळा आली होती. आम्ही काय केलं? ओके दाबलं. पोरानंही दाबलं, मीही दाबलं. आमच्या लेखी ती प्रिंटरच्या शाई संपत आल्याच्या सूचनेसारखी, दिसली की मिटवायची.

आता ज्या गोष्टीसाठी हे चार तारे आहेत तिच्याकडं येते. पत्त्याच्या पट्टीत अबाउट, कोलन, क्रॅशेस. मध्ये जागा सोडायची नाही. एवढी वर्षं वापरून हे पान मी पहिल्यांदा उघडलं ते त्या रात्री. आतापर्यंत ब्राउझर जितक्यांदा पडला त्या प्रत्येक वेळची नोंद तिथं होती, पोलीस ठाण्यातल्या डायरीसारखी. माझ्या यादीत तेवीस ओळी. प्रत्येक ओळीला बीपी अशा अक्षरांनी सुरू होणारा एक लांब नंबर. आधी तो नुसता गिचमिडा वाटतो. बघता बघता लक्षात आलं की शेवटचे सहा आकडे म्हणजे तारीख आहे, आधी वर्ष, मग महिना, मग दिवस. २५०७२२, २५०७२३, २५०७२४. २४ तारखेच्या आठ ओळी होत्या. म्हणजे खडीसाखरेची पण नोंद होती म्हणायची.

जे अहवाल पाठवलेले असतात त्यांच्यापुढं बघा असं बटण असतं. दाबलं की फायरफॉक्स बनवणाऱ्या मोझिलाच्या साइटवर त्या क्रॅशचं पान उघडतं. पाठवले नसतील तर तिथूनच पाठवता येतात. माझी एक सवय सांगते: अहवाल पाठवताना "मी कुठल्या पानावर होतो तो पत्ता जोडा" अशी एक खूण असते, ती मी काढून टाकते. लोकांचे आधार, खाती माझ्या मशीनवर उघडी असतात. तो पत्ता जोडला तरी सगळ्यांना दिसत नाही असं आहे, पण आपल्या हातानं कशाला द्यायचा?

त्या पानावर आकडे, अक्षरं, फायलींची नावं, काहीच्या काही. मला त्यातलं काही कळत नाही. पण वरच सिग्नेचर म्हणून एक ओळ असते, ती वाचता आली: ओओएम, उभी रेघ, स्मॉल. तेवीसपैकी एकोणीस अहवालांवर तेच. वेगवेगळ्या दिवशी, वेगवेगळ्या साइटवर, आणि कारण एकच. ओओएम म्हणजे आउट ऑफ मेमरी. स्मॉल म्हणजे फार मोठं काही मागितलं नव्हतं, छोटासाच तुकडा मागितला होता आणि तेवढाही मिळाला नाही.

माझा भाचा संभाजीनगरला वाळूजच्या एका कंपनीत आयटी बघतो. त्याला ती लिंक व्हॉट्सअ‍ॅपवर टाकली आणि फोन लावला. रात्रीचे साडेदहा झाले असतील, मागून त्याच्या लेकराचं रडणं ऐकू यायलं होतं.

"मावशी, रॅम किती आहे तुझ्याकडं?"

"चार जीबी. पण टास्क मॅनेजरमध्ये बघितलं मी, थोडी मोकळी दिसायली की."

"दिसणारच. अहवालात पण आहे, सहाशे एमबी मोकळी. आता दुसरी एक ओळ बघ. अव्हेलेबल पेज फाइल. चाळीस एमबी पण नाही. मावशी, कुणी पेज फाइल बंद केली का तुझी?"

मला पेज फाइल म्हणजे काय हेच माहीत नव्हतं. "बंद केलीस का" असं विचारलं असतं तर नाही म्हणले असते. पण त्यानं "कुणी" म्हणलं आणि माझ्या डोळ्यांपुढं मे महिना आला.

मे महिन्यात मी जुनी हार्ड डिस्क काढून २५६ जीबीची एसएसडी, म्हणजे नव्या प्रकारची वेगवान डिस्क, टाकून घेतली होती. सीपीयू पोत्यात बांधून, पॅसेंजरमध्ये मांडीवर घेऊन परभणीला नेला होता. दुकानाचं नाव लिहीत नाही. पोरगा चांगला होता, पैसेही वाजवी घेतले, नवीन विंडोज टाकून दिलं आणि देताना अभिमानानं म्हणला, "ताई, फास्ट करून दिलंय, सगळं फालतू बंद केलंय." खरंच फास्ट झालं होतं. मे-जून आम्हाला काम कमी. दोन-तीन टॅब, एखादा दाखला. काही अडलं नाही. जुलैत पंधरा टॅब, स्कॅन केलेले सातबारे, व्हॉट्सअ‍ॅप वेब, थंब मशीनचं सॉफ्टवेअर, एक्सेलची यादी असं सगळं एकदम बसलं आणि मग "फालतू"मध्ये काय काय गेलं होतं ते कळलं.

भाच्यानं जे समजावलं ते मी माझ्या भाषेत सांगते. विंडोज शब्दाला जागणारा गडी आहे. एखाद्या प्रोग्रॅमनं मेमरी मागितली आणि त्यानं हो म्हणलं की तेवढी जागा त्या प्रोग्रॅमच्या नावानं धरली गेली, मग तो ती आज वापरो की उद्या. आणि ऐपतीच्या बाहेर तो शब्द देतच नाही. त्याची ऐपत म्हणजे रॅम अधिक पेज फाइल, म्हणजे रॅम कमी पडली की वापरायला डिस्कवर राखून ठेवलेली जागा. सोसायटीत जसं सातबारा बघून कर्जाची मर्यादा ठरते, उचल केली नाही तरी मंजूर रक्कम धरलेलीच असते, तसं. पेज फाइल बंद केली की ऐपत उरली नुसती रॅमएवढी. आता ब्राउझरनं मागून ठेवलेली पण अजून न वापरलेली मेमरी बरीच असते. म्हणून रॅममध्ये सहाशे एमबी रिकामी पडलेली दिसते आणि तरी शब्द द्यायला विंडोजकडं काही उरत नाही. मागायला आलेल्याला नाही म्हणतो. ज्याला नाही म्हणलं तो तिथंच कोसळतो. माझ्याकडं दर वेळी सगळ्यात जास्त मागणारा प्रोग्रॅम ब्राउझरच होता, म्हणून तोच कोसळायचा आणि शिव्या त्यालाच.

"टास्क मॅनेजर उघड," भाचा म्हणला. "परफॉर्मन्स, मग मेमरी. खाली कमिटेड लिहिलंय तिथं दोन आकडे आहेत, मधी तिरपी रेघ. काय आहेत?"

"तीन पॉइंट सात, रेघ, तीन पॉइंट नऊ."

"झालं," तो म्हणला. "पहिला आकडा दिलेल्या शब्दाचा, दुसरा ऐपतीचा." लेकराचं रडणं पण थांबलं होतं.

दुरुस्तीला पाच मिनिटं लागली. विंडोजचं बटण आणि आर दाबायचं, चौकटीत एसवायएसडीएम, टिंब, सीपीएल लिहायचं. अ‍ॅडव्हान्स्ड, तिथं परफॉर्मन्सच्या सेटिंग्ज, परत अ‍ॅडव्हान्स्ड, व्हर्च्युअल मेमरी, चेंज. तिथं "नो पेजिंग फाइल" हे निवडलेलं होतं, काळा ठिपका माझ्याकडं बघत होता. सगळ्यात वर "आपोआप सांभाळ" अशा अर्थाची खूण असते, ती केली, ओके, आणि मशीन बंद करून चालू. बदल पक्का लागू व्हायला बंद-चालू केलेलं बरं. उघडल्यावर तो दुसरा आकडा पाचच्या पुढं गेला होता, आणि दुसऱ्या दिवशी गर्दीत तो स्वतःच वाढत सातपर्यंत गेलेला बघितला. आपोआप ठेवलं की लागेल तशी फाइल वाढते. मात्र सी ड्राइव्हवर वाढायला जागा रिकामी पाहिजे. कुणी सांगितलं म्हणून शंभर-दोनशे एमबीचा ठरावीक आकडा टाकून ठेवू नका, ते बंद केल्यातच जमा.

२५ जुलैपासून ३१ पर्यंत ब्राउझर एकदाही पडला नाही. शेवटच्या दिवशी रात्री अकरापर्यंत बसलो, पोराच्या आईनं धपाटे आणि दही पाठवलं. पुढं मुदत १४ ऑगस्टपर्यंत वाढली, त्या पंधरा दिवसांत एकदा पडला, तो माझ्याच चुकीनं, स्कॅनरच्या सॉफ्टवेअरमध्ये चाळीस पानं एकदम उघडली होती. पोळ्याच्या सुमाराला आणखी चार जीबीची जुनी रॅम टाकून घेतली, या वेळी सेलूतच, आणि समोर उभी राहून.

आता फायरफॉक्सबद्दल सरळ सरळ. चार जीबीच्या मशीनवर तो हलका नाही. वेगवेगळ्या साइटना वेगवेगळ्या प्रोसेसमध्ये, म्हणजे स्वतंत्र चालणाऱ्या तुकड्यांत ठेवतो, सुरक्षेला ते चांगलंय, पण रॅम खातो. आजकालचे बहुतेक मोठे ब्राउझर हे करतात, म्हणून याला एकट्याला दोष देत नाही. उलट मेमरी कमी पडल्यावर याचं वागणं बरं आहे. २०२१ मध्ये आलेल्या ९३ व्या आवृत्तीपासून विंडोजवर मेमरी संपत आली की तो बराच वेळ न बघितलेले टॅब आपणहून उतरवून ठेवतो, क्लिक केलं की परत भरतो. आणि पुढच्या आवृत्त्यांत अशीही सोय केली की विंडोजनं नाही म्हणलं तर मुख्य प्रोसेसनं लगेच जीव न सोडता थोडं थांबून परत मागायचं, तोवर एखादा टॅब गेला तर जाऊ दे. माझ्या मशीनवर ऐपतच तीन पॉइंट नऊची, तिथं थांबून तरी काय मिळणार होतं.

रोज वापरायचं एक पान सांगते: अबाउट, कोलन, प्रोसेसेस. कुठला टॅब किती मेमरी आणि प्रोसेसर खातोय ते नावासकट दाखवतं, आणि तिथल्या तिथं बंद करता येतो. मला यातूनच कळलं की बातम्यांची एक साइट पोरानं मागं उघडी ठेवली होती आणि ती एकटी विम्याच्या चार टॅबांएवढं खात होती. क्रिकेटचा स्कोअर बघायचा होता म्हणे.

विंडोज १० चा मायक्रोसॉफ्टचा नेहमीचा पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. माझं मशीन ११ घेत नाही, प्रोसेसर जुना. फायरफॉक्स मात्र १० वर अपडेट देत राहणार असं मोझिलानं सांगितलंय. आमच्यासारख्यांसाठी ही मोठी गोष्ट आहे, कारण तालुक्याच्या गावात केंद्रावरचं मशीन बदलायचं म्हणजे एक म्हैस विकायची. मराठीतही मिळतो. मी मात्र इंग्रजीच ठेवलाय, फोनवर भाच्याला विचारायचं तर बटणांची नावं जुळायला पाहिजेत.

काही साइट क्रोम धरूनच बनवलेल्या असतात, त्यासाठी दुसरा ब्राउझर बाजूला ठेवावाच लागतो. त्याचा तारा मी कापत नाही. कापलेला तारा वेगळ्या गोष्टीचा. या ब्राउझरला माहीत होतं. पहिल्या दिवसापासून, आबांच्या तिसऱ्या गटापासून, त्याला माहीत होतं की मेमरी संपली म्हणून मी पडलो. त्यानं ते लिहूनही ठेवलं, तारीख-वेळेसकट. पण माझ्यासमोर जी चौकट आणली तिच्यात नुसतं माफ करा. खरं कारण ठेवलं एका पानावर ज्याचा पत्ता कुठल्याच ठळक बटणावर नाही, आणि तिथंही सांकेतिक भाषेत. तलाठ्यानं फेरफाराची नोंद करून नोटीस चावडीच्या मागच्या भिंतीवर लावावी, तसं. चौकटीत एक साधी ओळ असती, "मेमरी अपुरी पडली," तरी माझे एवढे दिवस वाचले असते. तरी चार तारे देतेच, कारण दुसऱ्या ब्राउझरनं तेवढंही लिहून ठेवलं नव्हतं. निदान मला सापडेल असं नाही.

परभणीच्या त्या पोराला मी फोन केला होता. भांडायला केला होता, पण तो इतक्या सरळपणानं बोलला की भांडण झालंच नाही.

"ताई, पेज फाइल एसएसडीवर ठेवली की एसएसडी लवकर मरती. म्हणून बंद करतो."

"कोण म्हणलं?"

"सगळेच म्हणतात. मी तर समद्यांचीच बंद करतो."

एसएसडीवर लिहिण्याला मर्यादा असते हे खरं, पण माझ्यासारखीच्या वापरात पेज फाइलनं तिचं आयुष्य पुसून जाईल इतकं लिहिलं जात नाही, आणि चार जीबी रॅमवर ती बंद करणं म्हणजे टायर झिजू नयेत म्हणून मोटारसायकल खांद्यावर घेऊन चालणं. त्याला मी एवढं सगळं बोलले नाही. त्या "समद्यांचीच" या शब्दावरच माझं मन अडकलं होतं.

आमचा केंद्रवाल्यांचा एक ग्रुप आहे. मानवतच्या एका दादांनी दोन दिवस आधीच तिथं टाकलं होतं की ब्राउझर सारखा उडायलाय, कुणी चांगला मेकॅनिक सांगा. त्यांना फोन लावला. एसएसडी कुठं टाकली विचारलं. परभणीला म्हणले, उन्हाळ्यात.

"दादा, टास्क मॅनेजर उघडा. परफॉर्मन्स, मेमरी. खाली कमिटेड लिहिलंय तिथं काय आकडे आहेत?"

मागं कुणीतरी कुणाला तरी "बसा हो, व्हायलंय" म्हणायलं होतं. माउसच्या दोन टिचक्या ऐकू आल्या.

"तीन पॉइंट आठ," दादा म्हणले, "रेघ, तीन पॉइंट नऊ."